डंकचा एवढा राग का?

शालेय स्पर्धांचा हंगाम आला की नाशिकच्या बास्केटबॉल कोर्टांच्या कडेला एक जुनाच वाद नव्याने पेटतो. निमित्त बहुधा एकाच प्रकारचं असतं. अंगात रग असलेला एखादा उंच मुलगा फास्ट ब्रेकला, म्हणजे समोरचा संघ सावरायच्या आत केलेल्या झटपट चढाईत, एकटा सुटतो. समोर कोणी नाही, साधा ले-अप (धावत जाऊन रिंगजवळून अलगद सोडलेला चेंडू) टाकला तरी दोन गुण खिशात. पण तो डंक मारायला, म्हणजे उंच उडी घेऊन चेंडू वरून थेट रिंगमध्ये दाबायला जातो, चेंडू रिंगच्या मागच्या कडेवर आदळून थेट मध्यरेषेपर्यंत उडतो आणि सामना एका गुणाने हातचा जातो. मग कोच कपाळाला हात लावतात, पालकांपैकी कोणीतरी ‘मोबाइलवर रील बघून ही थेरं शिकतात’ म्हणतं, आणि बाकावरचे जुने खेळाडू ‘आमच्या वेळी’ सुरू करतात. दुसऱ्या बाजूला कॉलेजची पोरं. त्यांचा युक्तिवादही ठरलेला: ‘सर, डंक नसता तर यातली निम्मी मुलं ग्राउंडवर फिरकली तरी असती का?’ दोन्हीकडून आवाज चढतो. गंमत अशी की या दोन्ही पक्षांचं एका गोष्टीवर नकळत एकमत आहे. डंक म्हणजे शोबाजी, हे दोघांनाही मान्य आहे. एकाला ती शोबाजी नको आहे, दुसऱ्याला गर्दी जमवण्यापुरती हवी आहे. वाद फसतो तो इथेच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. डंक हा बास्केटबॉलमधला सगळ्यात हिशेबी फटका आहे. तो लोकांना आवडतो याचा दोष लोकांच्या उथळपणावर टाकायचं कारण नाही. खेळाचा सगळा मुद्दा त्या एका क्षणात कोणालाही, नियम न शिकता, दिसतो म्हणून तो आवडतो. जे कौशल्य चटकन कळतं ते हलकं असलं पाहिजे, हा आपला एक लाडका गैरसमज आहे. डंकवरच्या रागाचं मूळ मला तिथे दिसतं.

आधी हिशेब बघू. रिंगचा व्यास साधारण 45 सेंटिमीटर, चेंडूचा 24 च्या आसपास. ऐकायला वाटतं, केवढी जागा आहे! पण चेंडू लांबून येतो तेव्हा त्याच्या वाटेवरून ती रिंग गोल उरत नाही, लंबगोल होते. तो 45 अंशांच्या कोनात उतरत असेल तर त्या लंबगोलाची अरुंद बाजू भरते जेमतेम 32 सेंटिमीटर. फेक सपाट झाली आणि कोन 30 अंशांवर आला की ती 23 च्याही खाली जाते, म्हणजे चेंडूपेक्षा कमी. कडेला न घासता तो आत जाऊच शकत नाही. जंप शॉट शिकवताना कोच ‘कमान दे, कमान दे’ म्हणून घसा कोरडा करतात ते याचसाठी. आता डंक पाहा. चेंडू सरळ वरून उतरतो, 45 सेंटिमीटर पूर्णच्या पूर्ण उघडे, आणि हात शेवटपर्यंत चेंडूवर. वारा नाही, अंदाज नाही. ज्याला रिंगच्या वर हात नेता येतो त्याने खालून चेंडू भिरकावणं हाच खरं तर छांदिष्टपणा म्हणायला हवा. टक्केवारीच्या बाबतीत डंकएवढा खात्रीचा फटका या खेळात दुसरा नाही. तरीही ‘बेसिक सोडून स्टाइल मारतो’ हा आरोप नेमका त्याच्यावरच!

विरोधकांच्या भात्यातला सगळ्यात धारदार बाण मात्र आपल्याकडे कोणी फारसा काढत नाही, म्हणून तो मीच काढतो. 1891 मध्ये अमेरिकेत, स्प्रिंगफील्डच्या एका व्यायामशाळेत जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ रचला, तेव्हा त्यांना धसमुसळेपणा नको होता. गोल जमिनीलगत आणि उभा असला की माणूस जोर लावून चेंडू हाणतो. म्हणून त्यांनी गोल आडवा केला आणि डोक्यावर नेला, म्हणजे खेळाडूला चेंडू अलगद, कमानीतून सोडावा लागेल. जोरापेक्षा नेम मोठा ठरावा, हा त्या रचनेचा गाभा. या नजरेने पाहिलं तर डंक म्हणजे मूळ कल्पनेलाच सुरुंग: पुन्हा जोर आला, पुन्हा चेंडू हाणणं आलं. हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. पण मग तो शेवटपर्यंत न्यायला हवा. नेस्मिथ यांच्या मूळ 13 नियमांत ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटत पुढे नेणं) कुठे होता? चेंडू हाती आला की जिथे आहात तिथूनच फेकायचा, पळायचं नाही. ड्रिबल ही नियमाच्या फटीतून खेळाडूंनीच काढलेली पळवाट, आणि आज तीच खेळाची बाराखडी समजली जाते. आणि दहा फूट उंचीमागे तरी कुठलं तत्त्वज्ञान होतं? त्या व्यायामशाळेच्या गॅलरीचा कठडा नेमका तेवढ्या उंचीवर होता, तिथे पीचच्या टोपल्या ठोकल्या, झालं. ज्यांना मूळ हेतूची एवढी चाड आहे त्यांनी बंद बुडाची टोपली लावावी आणि दर बास्केटला शिडीवर चढून चेंडू काढावा. खेळ रचणारा नियम देतो; त्या नियमांच्या पोटात काय काय दडलंय ते खेळणारे शोधतात. बुद्धिबळापासून क्रिकेटपर्यंत हेच झालं. खांद्यावरून हात फिरवून गोलंदाजी करायला 1864 पर्यंत रीतसर परवानगी नव्हती. ती मिळाली म्हणून क्रिकेट बुडालं का?

डंकवर बंदी घालून पाहण्याचा प्रयोगही होऊन गेला आहे. आपल्याकडे या वादात बोलणाऱ्यांना तो ठाऊक असता तर निम्मे श्वास वाचले असते. 1967 मध्ये यूसीएलए या विद्यापीठाचा लू अल्सिंडर (पुढे जगाने ज्याला करीम अब्दुल-जब्बार म्हणून ओळखलं तो) अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये कोणाला आवरेनासा झाला. त्याच्या संघाने विजेतेपद मारलं आणि लगोलग नियम समितीने डंकवर बंदी आणली. कारणं काय दिली? खेळाडूंना दुखापती होतात, रिंग आणि बोर्ड मोडतात, आणि ज्याला बचाव करता येत नाही असा फटका खेळाचा समतोल बिघडवतो. म्हणजे आज आपल्याकडे बाकावर बसून जे बोललं जातं तेच, जवळपास शब्दशः. बंदीनंतर काय झालं? यूसीएलएने 1968 मध्ये पुन्हा विजेतेपद घेतलं आणि 1969 मध्येही. ज्याला रोखायचं होतं तो रोखला गेलाच नाही. मारले गेले ते बाकीचे. नॉर्थ कॅरोलिना स्टेटचा डेव्हिड थॉम्पसन त्या काळातला सगळ्यात उंच उडणारा कॉलेज खेळाडू. बिचारा रिंगच्या वर पोचायचा आणि तिथून चेंडू पिसासारखा हलकेच आत सोडायचा, कारण जोराने टाकला तर फाउल. 1975 मध्ये घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यात त्याने राहवेना म्हणून एक डंक मारलाच. बास्केट रद्द झाली, वर टेक्निकल फाउल, म्हणजे नियमभंगाचा दंड. प्रेक्षक मात्र उठून उभे. बंदी पुढच्या वर्षी, 1976 मध्ये उठली.

यावर एक चलाख उत्तर येतं. बंदी आली म्हणूनच अल्सिंडरने स्काय हुक (एका हाताने डोक्यावरून वळवून टाकायचा हुक शॉट) घोटवला, आणि त्याच फटक्यावर पुढे एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये वीस वर्षं राज्य केलं. म्हणजे बंदीने भलंच केलं! ऐकायला पटतं. पण हुक शॉट तो शाळकरी वयापासून मारत होता, बंदीने त्याला फार तर जास्त रियाज करायला लावलं. शिवाय हे उदाहरण ज्याच्याकडे आधीच सगळं होतं अशा माणसाचं आहे. एक दार बंद झाल्यावर दुसरं उघडण्याइतकी प्रतिभा किती जणांकडे असते? आणि त्या बंदीचा एक वास होता, तो झाकून चालणार नाही. अल्सिंडरने स्वतः तेव्हा म्हटलं होतं की डंक मारणारे बहुतेक खेळाडू काळे आहेत, त्यामुळे या नियमाला भेदभावाची झाक आहे. समितीतल्या प्रत्येकाच्या मनात तेच होतं असं मी म्हणणार नाही. यूसीएलएचे कोच जॉन वूडन हे अल्सिंडरचेच गुरू आणि दहा राष्ट्रीय विजेतेपदांचे धनी. डंक त्यांनाही कधी भावला नाही, ते सांघिक आणि जमिनीवरच्या खेळाचे भोक्ते. त्यांच्या आवडीबद्दल मला आदर आहे. पण ‘मला आवडत नाही’ आणि ‘हे कौशल्य नाही’ ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि वादात पहिलं विधान दुसऱ्याचा अंगरखा घालून येतं. रस्त्यावरच्या, वस्तीतल्या मुलांनी आपल्या अंगाने शोधलेली गोष्ट सभ्य लोकांना सुरुवातीला नेहमीच रांगडी वाटते.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो, कारण डंकचे समर्थक काही कमी गोंधळ घालत नाहीत. ‘डंकमुळे गर्दी येते’ हा त्यांचा हुकमी एक्का. 1967 ते 1976 या काळात एबीए नावाची एक बंडखोर लीग अमेरिकेत चालली. लाल-पांढरा-निळा चेंडू, तीन गुणांची रेषा आणि मनसोक्त डंक. 1976 मध्ये डेन्व्हरला त्यांच्या ऑल-स्टार सामन्याच्या मध्यंतरात डंकची पहिली स्पर्धा झाली आणि ज्युलियस अर्व्हिंगने फ्री थ्रो रेषेपासून उडी घेऊन ती जिंकली. त्या उडीचं नाव आजही निघतं. लीग मात्र त्याच वर्षी मोडली. चार संघ एनबीएत गेले, बाकीच्यांचा कारभार आटोपला. गर्दी खेचणं हाच डंकचा उपयोग असता तर एबीए बुडायला नको होती. पुढे 1984 पासून एनबीएने ती स्पर्धा आपलीशी केली. 1988 मध्ये शिकागोत मायकल जॉर्डन विरुद्ध डॉमिनिक विल्किन्स, 2000 मध्ये व्हिन्स कार्टर, अशी वर्षं झाली. पण अलीकडे ती स्पर्धा बघवत नाही हे मी मोकळेपणाने मान्य करतो. मोटारीवरून उड्या काय, वेशभूषा काय, पाच-पाच फसलेले प्रयत्न काय. बचाव करणारा कोणी नाही, घड्याळ नाही, सामन्याची गरज नाही; तिथे डंक मारण्याला फक्त मारण्याचंच कारण उरतं, आणि तो लवकर शिळा होतो.

संगीत नाटकांना हा रोग आपल्या डोळ्यांदेखत, म्हणजे आपल्या आजोबांच्या डोळ्यांदेखत, जडला होता. बालगंधर्वांच्या एकेका पदाला ‘वन्स मोअर’ पडत राहायचे, नाटक पहाटेपर्यंत लांबायचं, आणि कथानक बिचारं विंगेत ताटकळायचं. त्या काळी गंभीर रसिकांनी कुरकुर केली ती खोटी नव्हती. पण म्हणून पद हेच दुखणं होतं, असं आज कोणी म्हणेल? पद जेव्हा प्रसंगातून उगवायचं तेव्हा नाटक तिथे श्वास घ्यायचं. नुसत्या टाळीसाठी ताणलं की रेंगाळायचं. डंकचंही तसंच आहे. चौथ्या क्वार्टरमध्ये, दमलेल्या पायांनी, दोघांच्या मधून वाट काढून मारलेला डंक आणि मोटारीवरून मारलेला डंक यांची जात वेगळी. दुसऱ्याचा राग पहिल्यावर काढणं हा अन्याय आहे.

‘शेवटी गुण दोनच ना?’ हा प्रश्न तर मला दरवेळी ऐकावा लागतो. हो, दोनच. पण गुणफलकावर दोन लिहिले गेले म्हणजे त्याचा परिणाम दोनांपुरताच असतो का? एखादा खेळाडू रिंगवर झेप घेऊ शकतो हे एकदा समोरच्या संघाला कळलं की त्याने आत पाऊल टाकताच तिघे त्याच्याकडे धावतात. कोपऱ्यातला शूटर मोकळा सुटतो. आज ज्याच्या नावाने डंकला जुनाट ठरवतात तो थ्री पॉइंटर, म्हणजे लांबून मारलेला तीन गुणांचा फटका, अनेकदा या भीतीच्या जोरावरच मोकळा मिळतो. आत धाक आणि बाहेर नेम, हे एकमेकांचे वैरी नाहीत. आणि सुरुवातीला सांगितलेला तो हुकलेला डंक? तो निर्णय चुकीचाच होता, त्यात दुमत नाही. पण तो कोचने सरावात सोडवायचा प्रश्न आहे. सरावात दहापैकी आठ-नऊ आत जात नसतील तर सामन्यात ले-अप, हा नियम घालून द्या आणि मोडला तर बाकावर बसवा. हुकलेला थ्री पॉइंटर पाहून आपण नेमबाजीलाच नावं ठेवत नाही. मग इथे एका हुकलेल्या डंकवरून मुलाच्या पिढीचं चारित्र्य काढायची काय गरज?

आता थोडं आपल्या गावाबद्दल, कारण हा राग नाशिकमध्ये जरा जास्तच का आहे याचं मला एक उत्तर सुचतं. आपल्या जिल्ह्याने अलीकडे जे नाव कमावलं ते दमसासाच्या खेळांत. सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य आणलं. चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर वल्हं हाती धरून 2016 च्या रिओ ऑलिम्पिकपर्यंत पोचला. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी 2015 मध्ये अमेरिका आडवी सायकलवर पार केली. या सगळ्यांत कष्ट दिसतात. मैलोन्‌मैल दिसतात, घाम निथळताना दिसतो, चेहरा पिळवटलेला दिसतो. आपण त्यावर पोसलेली माणसं आहोत. कौतुक करायचं तर आधी समोरच्याने आपल्या डोळ्यांदेखत पुरेसं सोसलं पाहिजे अशी आपली अट असते. डंक ही अट पाळत नाही. 70 सेंटिमीटरची उडी म्हणजे हवेत पाऊण सेकंद, संपलं. एवढ्यात टाळी? म्हणजे फुकटचीच असणार!

ती फुकटची आहे का ते जवळून पाहायचं असेल तर संध्याकाळी कुठल्याही शाळेच्या सिमेंटच्या कोर्टावर जाऊन उभं राहावं. खेळ सुटल्यावर दोन-तीन मुलं मागे राहतात. पंधराव्या वर्षी बोटं नेटच्या टोकाला लागली की घरी जाऊन सांगण्याजोगी बातमी होते. मग बोर्डाची खालची कडा, 2.90 मीटर, बोर्डावर धुळीच्या बोटांचे ठसे उमटतात आणि कुणाचा ठसा वर यावरून पैजा लागतात. मग रिंग, 3.05 मीटर. आधी नुसता स्पर्श, मग दोन बोटं अडकतात, मग तळवा. तिथवर पोचलेला मुलगा आधी टेनिस बॉल घेऊन डंक मारतो, मग हँडबॉल, आणि मग एक दिवस खरा चेंडू, जो ऐन वेळी हातातून निसटतो कारण तो एका पंजात मावत नाही. 188 सेंटिमीटर उंचीच्या मुलाचा हात उभ्याने साधारण 245 ते 250 पर्यंत जातो. चेंडू रिंगवरून आत दाबायचा तर मनगट रिंगच्या वर हवं, म्हणजे सत्तर-पंचाहत्तर सेंटिमीटर उडी. उंच असूनही ती फुकट मिळत नाही. त्यासाठी दोन-तीन वर्षं जातात: स्क्वॉट, दोरीवरच्या उड्या, गंगापूर रोडच्या चढावर स्प्रिंट. हे कष्ट आपल्याला दिसत नाहीत, कारण ते आपण बघत नसताना झालेले असतात. कविताच्या शर्यतीत तिचा सराव शर्यतीच्या लांबीत उलगडतो. डंकमध्ये तो पाऊण सेकंदात दाबून बसवलेला असतो. दोन्हीकडे माल तोच.

त्या पाऊण सेकंदातही एक मौज आहे. उडी मारलेला माणूस हवेत क्षणभर थांबला असं आपल्याला वाटतं ना, तो नुसता भास नाही. वर जाताना वेग मंदावत जातो, उतरताना हळूहळू वाढतो. त्यामुळे हवेतल्या एकूण वेळेपैकी निम्मा वेळ शरीर उडीच्या वरच्या एक चतुर्थांश भागातच असतं. डोळा ते टिपतो, आणि ज्याला गुरुत्वाकर्षणाचं समीकरण ठाऊक नाही त्यालाही ते जाणवतं. 2000 च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये व्हिन्स कार्टरने फ्रान्सच्या 2.18 मीटर उंच फ्रेडरिक वाइसच्या डोक्यावरून जाऊन डंक मारला. ते दृश्य बघायला ‘ट्रॅव्हलिंग’ म्हणजे काय हे माहीत असावं लागत नाही. जुन्या नाशकाला तर हे समजावून सांगायलाच नको. रंगपंचमीला तिवंधा चौकात, दिल्ली दरवाजाला, शनी चौकात पेशवाईपासूनच्या रहाडी, म्हणजे जमिनीतले रंगाचे हौद, उघडतात आणि माणसं उंचावरून रंगाच्या पाण्यात धप्पा मारतात. किती गुण मिळतात त्याचे? तरी दरवर्षी भोवती उभं राहायला जागा नसते, आणि कोणाचा धप्पा जोरकस, कोणाचा फुसका हे आजीबाईंनाही बरोबर कळतं. कबड्डीत चढाई करणारा पकडायला आलेल्यांच्या डोक्यावरून उडी टाकून मध्यरेषा गाठतो तेव्हा आपण त्याला ‘शोबाजी’ म्हणत नाही. मग बास्केटबॉलच्याच वाट्याला हे सोवळं का?

उंचीचा मुद्दा राहिला, आणि तो खरा आहे. डंक जन्माने वाटला जातो, मेहनतीने नव्हे, असं म्हणणाऱ्याला उत्तर म्हणून लोक 1986 ची डंक स्पर्धा जिंकणाऱ्या स्पड वेबचं नाव घेतात. उंची जेमतेम 1.70 मीटर. मला हे उत्तर आवडत नाही. एक वेब हे हजार मुलांना आश्वासन असू शकत नाही. आपल्याकडच्या सरासरी उंचीच्या मुलाला 3.05 मीटरच्या रिंगवर डंक मारता येणार नाही, हे त्याला स्पष्ट सांगितलेलं बरं. पण बास्केटबॉल हा खेळच उंचीकडे झुकलेला आहे. रिबाउंड, म्हणजे हुकून परत आलेला चेंडू, कोणाला मिळतो? ब्लॉक कोण करतो, म्हणजे समोरच्याचा फटका हवेत कोण अडवतो? 2015 मध्ये पंजाबातल्या बल्लो के गावच्या सतनाम सिंगला एनबीएच्या डॅलस मॅव्हरिक्स संघाने ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) निवडलं, असा मान मिळालेला तो पहिला भारतीय, त्याची 2.18 मीटर उंची लोकांच्या नजरेत भरली ती काही डंकमुळे नव्हे. उंचीचा सगळा पक्षपात एकट्या डंकच्या माथी मारून बाकी खेळ समतेचा असल्याचा आव आणायचा, हे बरोबर नाही. समता हवी असेल तर तिचा रस्ता सोपा आहे: लहान मुलांसाठी रिंग खाली आणा. मिनी बास्केटबॉलसाठी 2.60 मीटर ही उंची जगभर वापरली जाते. आपल्याकडे पाचवीतली मुलं मोठ्यांच्या रिंगवर, मोठ्यांचा चेंडू, कमरेपासून दोन्ही हातांनी भिरकावत असतात आणि त्यातून जी वाकडी सवय लागते ती दहावीपर्यंत सुटत नाही. खाली आणलेल्या रिंगमुळे शॉट सुधारतो, आणि एखाद्या बुटक्या मुलाला आयुष्यात एकदा डंकही मारता येतो. यात कोणाचं काय जातं?

मुलींच्या बाबतीत तर हा वाद फारच घाईने मिटवला जातो. ‘मुलींचा खेळ डंकशिवायचा, म्हणून तो शुद्ध’ अशी स्तुती होते. वूडन यांनाही उतारवयात स्त्रियांचा खेळ जास्त भावायचा. स्तुती प्रामाणिक असेल, पण तिच्यात एक कुंपण आहे. 1984 मध्ये जॉर्जिअन वेल्सने अमेरिकेच्या कॉलेज सामन्यात डंक मारला, 2002 मध्ये लिसा लेस्लीने डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये. त्यामुळे खेळाची शुद्धता कुठे ढळली? आपल्याकडे सहा फुटांची मुलगी कोर्टावर आली तर तिला पहिल्या दिवसापासून ‘रिंगजवळ, पोस्टला उभी राहा, हात वर ठेव’ एवढंच सांगितलं जातं. ‘उडी मोजून बघ’ असं तिला कोणी म्हणत नाही.

गुडघे आणि रिंगा, या दोन आक्षेपांपुढे मात्र मी मान तुकवतो, पण निष्कर्ष उलटा काढतो. सिमेंटवर वाढत्या वयात सतत उड्या मारल्या की गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध धरतो. डॉक्टर त्याला ‘जंपर्स नी’ म्हणतात. पण रिबाउंडची उडी, ले-अपची उडी, ब्लॉकची उडी, सगळ्या त्याच सिमेंटवर उतरतात, आणि डंकपेक्षा कितीतरी जास्त वेळा. तक्रार जमिनीची आहे, ती जमिनीबद्दलच करू. रिंगचंही तेच. आपल्या बहुतेक कोर्टांवरची रिंग म्हणजे बोर्डाला घट्ट बोल्ट मारलेली किंवा थेट वेल्ड केलेली लोखंडी कडी. तिला लटकलं की ती खाली झुकते, आणि झुकलेल्या रिंगवर पुढची पाच वर्षं सगळ्यांचे शॉट बिघडतात. कोच चिडतात ते रास्तच. 1979 मध्ये डॅरिल डॉकिन्सने तीन आठवड्यांत दोन काचेचे बोर्ड फोडले तेव्हा एनबीएपुढेही हाच प्रश्न होता. त्यांनी डंक बंद केला नाही, रिंग बदलली. वजन आलं की खाली वाकणारी आणि सोडताच जागेवर येणारी स्प्रिंगची रिंग घडवणाऱ्यांत एक होते आर्थर एराट, इलिनॉयमधल्या एका धान्यकोठाराचे व्यवस्थापक. त्यांनी पहिल्या नमुन्यात जॉन डिअरच्या शेती अवजाराची स्प्रिंग वापरली होती. 1982 मध्ये त्यांना पेटंट मिळालं. शेती अवजाराची स्प्रिंग! आपल्याकडे सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांच्या शेडमध्ये याहून अवघड कामं रोज होतात, आणि ट्रॅक्टरच्या अवजारांचा तर या जिल्ह्यात तुटवडा नाही. तयार स्प्रिंगच्या रिंगाही बाजारात मिळतात. लटकणाऱ्याला टेक्निकल फाउल द्यायचा नियम आहेच, तो बेलाशक वापरा. पण कमकुवत रिंग वाचवण्यासाठी खेळाडूची उडी छाटायची, हा उलटा कारभार झाला. एप्रिलअखेर परीक्षा संपल्या की कोर्टं दीड महिना रिकामी असतात. वेल्डरला तेव्हा बोलवावं, आणि आलाच आहे तर एका बाजूला 2.60 मीटरवर दुसरी रिंगही ठोकून घ्यावी.